‘डिट्टो’चा अर्थ काय?

“पोर डिट्टो बापावर गेलीय!” असे आपण घरोघरी ऐकतो. ‘डिट्टो’ म्हणजे हुबेहूब, तसेच. इंग्रजीने हा शब्द इटलीतील टस्कनी प्रांताच्या बोलीतून घेतला. तिथे त्याचा अर्थ ‘सांगितलेले’. सतराव्या शतकात इंग्रज माणूस तारखा लिहिताना महिन्याचे नाव पुन्हा न लिहिता ‘डिट्टो’ लिही. म्हणजे ‘वर सांगितलेलाच महिना’. पुढे हिशेबाच्या वहीत त्याऐवजी दोन छोट्या रेघांची खूण आली.

बंधूभगिनींनो, ही खूण स्वतः काही सांगत नाही, वरचेच पुन्हा सांगते. वरची ओळ चुकली की खालच्या साऱ्या चुकतात. म्हणून मजुरीच्या कागदावर आपल्या नावापुढे ती दिसली, तर वरचा आकडा वाचूनच सही करा. मुलांनाही हे शिकवा.