घाव अडवायचा की पसरवायचा?

दरवर्षी २ जानेवारीला, ऐन थंडीत, मुरबाडच्या रानातल्या सिद्धगडावर माणसं पहाटेच जमतात. १९४३ साली याच दिवशी इथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. स्वातंत्र्यलढ्यात ‘आझाद दस्ता’ नावाचं पथक काढून मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडणारी ही माणसं. स्मारकापाशी उभं राहिलं की एक भाबडा प्रश्न मनात येतोच: गोळी अडेल असं काही घरच्या घरी करता येतं का?

सुरुवात गोधडीपासून करू. परातीत कुंभाराची ओली माती चार बोटं थापा. दोन किलोचा वरवंटा पाय सांभाळून एक मीटरवरून तिच्यावर सोडा. खोल खळगा पडेल. माती सारखी करा, वर गोधडीची चौपदरी घडी ठेवा आणि पुन्हा सोडा. आता खळगा उथळ आणि पसरट. दोन्ही वेळा ऊर्जा तेवढीच, सुमारे २० जूल. पण गोधडीने ती जास्त जागेत वाटली आणि वरवंट्याला थांबायला जरा जास्त वेळ दिला. कवचाचं सगळं शास्त्र एवढंच. मग त्याच गोधडीत दाभण टोचा. धागे बाजूला सरतात आणि दाभण आरपार! एक कवच सगळ्या हत्यारांना पुरत नाही, ते असं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अंगरख्याआत चिलखत घातलं होतं. चिलखताच्या लोखंडी कड्या धार अडवतात, पण घावाचा हादरा हाडापर्यंत जातोच. म्हणून कड्यांखाली कापूस भरलेला जाड कपडा घालायची रीत होती. कोरियात १८६०च्या दशकात बंदुकीची गोळी अडवायला सुती कापडाचे थरावर थर शिवून कवचं केली. उन्हाळ्यात सैनिक त्यात उकडून निघाले आणि १८७१च्या लढाईत तोफांच्या माऱ्याने त्या कापडाने पेटही घेतला.

थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या गोळीत सुमारे ३,००० जूल असतात. म्हणजे तोच वरवंटा दीडशे मीटर उंच कड्यावरून सोडल्यासारखा, आणि तोही बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर. तिथे गोधडीचं सूत तुटतं. १९६५मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना केव्हलार हा अतिमजबूत कृत्रिम धागा सापडला आणि पिस्तुलाची गोळी कापडात अडकू लागली. रायफलीसाठी मात्र पुढे कठीण थरच हवा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडलेल्या ‘भाभा कवचा’त बोरॉन कार्बाइड हे अतिकठीण द्रव्य गोळीचं टोक मोडतं, मागचे पॉलिथिनचे थर उरलेला वेग गिळतात.

चाचणीलाही पुन्हा मातीच लागते! कवचामागे मळलेल्या चिकणमातीसारखा गोळा ठेवून गोळी झाडतात. गोळी अडली तरी मागचा खळगा ४४ मिलिमीटरहून खोल गेला, तर अमेरिकी मानकानुसार कवच नापास. कारण त्या खळग्याच्या जागी माणसाच्या बरगड्या आणि यकृत असतं. शिवाय एकाच कवचावर ठरावीक अंतरावर अनेक गोळ्या झाडतात. एकदा टिकलं, एवढ्यावर कुणी विश्वास टाकत नाही.

म्हणून घरी शिवलेलं कवच मातीसमोर न्यावं, गोळीसमोर नव्हे. सिद्धगडावर गोधडी जरूर न्यावी. पहाटेच्या थंडीपुरती ती पुरते.