आत्याबाईंचं विमान

आमच्या घरी विमानाचा आवाज आला की आत्याबाई तव्यावरची भाकरी उतरवतात. भाकरी फुगलेली असो नाहीतर कच्ची असो, आधी ती खाली येणार. मग त्या दाराच्या चौकटीत उभ्या राहणार आणि आवाज विरला की परत चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, बसणार. लग्न होऊन सोलापूरहून नळदुर्गला आले तेव्हा मला वाटलं, असेल एकेका घरची रीत. वर्षं गेली आणि मग एका सतरा सप्टेंबरला, शाळेतली मुलं झेंडावंदन करून प्रभातफेरीनं दारावरून जात असताना, त्यांनी आपणहून सांगितलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर उमरग्याच्या पलीकडचं, आताच्या कर्नाटकच्या हद्दीजवळचं खेडं. १९४८ साली त्या आठ वर्षांच्या होत्या.

"आईनं भाकरी तव्यावर टाकली व्हती. आन् आवाज आला. आई म्हनली, पळा. तुरीच्या रानात जाऊन पालथं पडलो समदे. आईनं माज्या कानावर हात ठिवले. हाताला पीठ तसंच व्हतं. माघारी आलो तर भाकरीचा कोळसा झालता."

एवढंच. पण त्या कोळशाला आता पाऊणशे वर्षं होऊन गेली.

इतिहासाच्या पुस्तकात हेच जरा वेगळं लिहिलेलं असतं. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि त्या आघाडीवरची पहिली लढाई झाली ती आमच्या नळदुर्गात. बोरी नदीवरचा पूल फौजेनं शाबूत हाती घेतला, शीख पलटणीनं इथलं ठाणं जिंकलं. सकाळी नऊला फौज जळकोटात होती, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरकडे जायचं, तर वाटेत शत्रू मोर्चे बांधून बसलेला. ती वाट मोकळी करायला वायुदलाची टेम्पेस्ट विमानं आली. १७ तारखेला लढाई थांबली आणि मराठवाडा मोकळा झाला. रझाकारांच्या जाचातून सुटल्याचा आनंद आत्याबाईंच्या घरीही झालाच. पण आठ वर्षांच्या पोरीला मुक्तिसंग्राम काय कळणार? तिला कळला तो फक्त आवाज.

दिल्लीतली भेट

२०२३च्या डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला दिल्लीला गेले होते. लग्नानंतर एक दिवस मोकळा होता. बाकीच्या बायका साड्यांच्या खरेदीला निघाल्या. मी म्हटलं, मला पालमला वायुदलाचं संग्रहालय बघायचंय. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिकीट काढून चंद्रावर निघालेय!

हे संग्रहालय १९६७ सालचं. वापिटी, हरिकेन, स्पिटफायर अशी जुनी विमानं तिथे ओळीनं उभी आहेत. आणि त्यांच्यातच उभं होतं टेम्पेस्ट. क्रमांक एचए ६२३. गोल, जाडजूड नाक, त्यावर चार पात्यांचा पंखा, पंखांत तोफा. लांबीला आपल्या एस.टी.एवढंच. आत्याबाईंच्या गावावरून गेलं ते हेच, असं मी म्हणणार नाही. पण त्याच घराण्यातलं. मी मोबाइलवर बारा-तेरा फोटो काढले आणि घेऊन आले.

आत्याबाईंनी चष्मा लावून, मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"एवढंच व्हय गं? बसायला किती जन?"

"एकच."

"वरनं त्याला आमी दिसलो आसू का?"

मी काय बोलणार? मग म्हणाल्या, "उडताना कसं दिसतंय ते? मी बगितलंच न्हाई. माजं तोंड मातीत व्हतं."

मैत्रिणींनो, ज्या गोष्टीला ही बाई आयुष्यभर घाबरली, ती तिनं कधी पाहिलीच नव्हती!

भिशीचे पैसे आणि चेन्नईची गाडी

पालमचं टेम्पेस्ट आता उडत नाही. पण वायुदलानं काही जुनी विमानं दुरुस्त करून उडती ठेवली आहेत. त्यातलं एक हार्वर्ड. वैमानिकांना शिकवण्याचं विमान, नाक तसंच गोल, इंजिन एकच. दुसरं डाकोटा. १९४७च्या २७ ऑक्टोबरला शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले ते डाकोटांनीच. आताचं डाकोटा इंग्लंडात दुरुस्त होऊन २०१८ साली भारतात आलं. ज्यांचे वडील वायुदलात डाकोटा चालवत, त्या राजीव चंद्रशेखर यांनी ते वायुदलाला भेट दिलं. त्याचं नाव 'परशुराम', आणि अंगावर क्रमांक व्हीपी ९०५, श्रीनगरच्या त्या पहिल्या डाकोटाचा.

ही विमानं ६ ऑक्टोबर २०२४ला चेन्नईच्या मरीना समुद्रकिनाऱ्यावर उडणार, असं पेपरात आलं. वायुदलाचा ब्याण्णवावा वर्धापनदिन होता. सोलापूरहून चेन्नईला सरळ गाडी आहे. माझी भिशी नेमकी त्याच महिन्यात लागली होती. त्या पैशांतून मी जुन्या बाजारातला एक कॅमेरा घेतला, तीनशे मिलिमीटरच्या लेन्ससकट.

घरात वादळ झालं. "ह्या वयात? विमानं बघायला? त्यापेक्षा पाटल्या मोडून मोठ्या कर." कुणी म्हणालं, "फोटो तर नेटवर ढीगभर मिळतात." खरं आहे. पण नेटवरचे फोटो मी काढलेले नसतात ना! शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. माज्यासाटी चाललीया." भिशीतलीच एक मैत्रीण सोबत आली.

वर्तमानपत्रांनी त्या दिवशीच्या गर्दीचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास दिला. अकराला खेळ सुरू झाला. हेलिकॉप्टरं, तेजस, राफेल, सूर्यकिरणची नऊ विमानं, सगळी मिळून ७२. मुलं ओरडत होती ती राफेल बघून. मला मात्र घशात दाटून आलं ते डाकोटा आलं तेव्हा. संथ, घुमत, घरच्या म्हातारीसारखं. कुठलीच घाई नाही.

ऊन मात्र जीवघेणं होतं, आणि हे मी शब्दाचा अलंकार म्हणून लिहीत नाही. त्या दिवशी पाच प्रेक्षक दगावले. आम्ही दोघींनी तीन-तीन बाटल्या पाणी, मीठ-साखर आणि ओला पंचा नेला होता, तरी परतताना मैत्रिणीला चक्कर आली आणि एका सावलीच्या पायरीवर तासभर बसावं लागलं. म्हणून जाणाऱ्यांना हात जोडून सांगते, पाणी आणि टोपी आधी, कॅमेरा नंतर. शेवटचं विमान चुकलं तरी चालेल, गर्दी फुटायच्या आधी निघा.

पंखा बंद पडलेलं विमान

घरी आल्यावर फोटो दाखवले. हार्वर्डचा फोटो मला अगदी झकास वाटत होता. कडा कशा कोरल्यासारख्या! आत्याबाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, "याचा पंका बंद हाय की. पडंल न्हवं का ते?"

चूक त्यांनी बरोबर पकडली होती. मी कॅमेऱ्याचा वेग १/२००० सेकंद ठेवला होता. एवढ्या वेगात फिरतं पातंही जागच्या जागी गोठतं आणि विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. जेट विमानाला १/१००० किंवा त्याहून जास्त वेग चालतो. पण पंख्याच्या विमानाला १/२५० किंवा त्याहूनही कमी हवा, म्हणजे पंख्याचं गोल चक्र दिसतं. वेग कमी केला की हात हलून फोटो पुसट होतो. त्याला उपाय असा, पाय घट्ट रोवायचे आणि कंबरेतून वळत विमानासोबत कॅमेरा फिरवायचा. जात्यावर बसून खुंटा फिरवताना कंबर वळते ना, तसंच. बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही.

आणखी एक शिकले. उजळ आकाशामुळे कॅमेरा फसतो आणि विमान काळं येतं. म्हणून उजेड एक घर वाढवून ठेवायचा आणि ऊन आपल्या पाठीशी घ्यायचं. मरीनाला समुद्र पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन नेमकं तोंडावर होतं. माझे निम्मे फोटो त्यातच गेले. सराव मात्र घरबसल्या करता येतो. मी हायवेवरच्या ट्रकांवर केला, आणि पावसाळ्यात किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्यापाशी घिरट्या घालणाऱ्या घारींवर.

कॅमेरा नसेल तरी अडत नाही. मोबाइलवर झूम न करता विमानांची पूर्ण रांग आणि वर बघणारी माणसं टिपावीत. संग्रहालयात तर मोबाइल पुरेसा आहे. खाली बसून, विमानाच्या नाकाशी थोडं तिरकं उभं राहून फोटो घ्यावा. मनाई कुठे आहे ते आधी विचारावं. आपल्याला जवळचं म्हणजे बेंगळुरूचं एचएएलचं संग्रहालय, तिथेही सोलापूरहून गाडी जाते. एक वर्षाआड 'एरो इंडिया'ही बेंगळुरूजवळ येलहंक्यालाच भरतं.

विमान बायकांचंही

"बाईमाणसाला काय करायचंय विमानाचं?" असं मला ज्यांनी विचारलं त्यांना मी तीन नावं सांगते. १९३६ साली सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवलं, वय एकवीस, घरी चार वर्षांची मुलगी. प्रेम माथुर यांना बाई म्हणून अनेक विमान कंपन्यांनी नकार दिला. नोकरी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं, आणि तिथे त्यांनी डाकोटा चालवलं. आणि आपल्या सौदामिनी देशमुख! १९८५ साली सगळ्या बायकाच कर्मचारी असलेलं विमान त्यांनी कप्तान म्हणून कोलकात्याहून सिल्चरला नेलं.

आत्याबाईंना डाकोटाचा फोटो दाखवताना म्हटलं, "असलं विमान तुमच्या काळात एक बाई चालवायची. तेही हैदराबादेत." त्यांचा विश्वासच बसेना.

मग मी हार्वर्डचा व्हिडिओ लावला. तो घोगरा आवाज खोलीत भरला तशी त्यांनी मांडीवरची चादर घट्ट धरली. मी पटकन आवाज कमी करायला गेले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. व्हिडिओ संपला. "परत लाव."

तीन वेळा पाहिला त्यांनी.

भीती गेली, असं मी लिहिणार नाही. एवढ्या वर्षांची भीती एका व्हिडिओनं जात नसते. आजही आवाज आला की भाकरी तव्यावरून उतरतेच. पण आता त्या चौकटीत थांबत नाहीत. काठी टेकत अंगणात जातात, कपाळावर हात धरून वर बघतात आणि मला हाक मारतात, "आगं, ये की भाईर. कुटलं हाय बग."

मी गॅस बंद करते आणि मागोमाग जाते.