मिळकत मोठी म्हणजे घर श्रीमंत का?

घरचा हिशेब : लेखांक ६

मागच्या लेखात कर्जाचा हप्ता कसा ठरतो ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न, आणि त्यासाठी मालवण तालुक्यातल्या देवबागला जायचं. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांखाली वसलेली चिंचोळी पट्टी. मासेमारीवर जगणाऱ्या या गावात आता दारोदारी होमस्टेच्या पाट्या आहेत आणि संगमावर स्कूबाच्या, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींची रांग. मे महिन्यातली गर्दी पाहून कुणीही म्हणेल, ‘तेंका काय कमी आसा?’

काय कमी आहे ते आकड्यांत पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, रीत मात्र खरी. समजा, एका घराच्या पाच खोल्या आहेत. सरासरी भाडं २,५०० रुपये आणि वर्षाला १२० रात्री भरलेल्या, म्हणजे १५ लाख. पाहुण्यांचं जेवण आणि बोटीतला वाटा मिळून आणखी ७ लाख. गल्ल्यात आले २२ लाख. त्यातून वाणसामान, मासळी, वीज, कामगार, धुलाई, डिझेल आणि बुकिंगचं कमिशन यांचे ११ लाख गेले. खोल्यांसाठी काढलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा, १० टक्के व्याजाने १० वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ३९,६०० रुपये, म्हणजे वर्षाचे पावणेपाच लाख. घरखर्च आणि मुलांचं शिक्षण साडेचार लाख. उरले पावणेदोन लाख. खाऱ्या हवेत एसी सडतो, ग्रील गंजतं, गाद्या ओल धरतात, बोटीचं इंजिन काम काढतं. त्यात तेही संपले.

हप्त्यातून मुद्दल फिटते, ती बचतच नाही का, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण पहिल्या वर्षी व्याजातच २ लाख ९० हजारांच्या वर जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम १ लाख ८४ हजार. तेवढ्या काळात खोल्याही एक वर्षाने जुन्या होतात.

आता शेजारचं घर. खोल्या दोनच, त्याही हळूहळू पदरच्या पैशांतून बांधलेल्या. खर्च वजा जाता मिळकत सहा लाख, घरात लागतात साडेचार. दर वर्षी बाजूला पडलेले दीड लाख ७ टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांत वीस लाखांच्या वर जातात. म्हणजे मिळकत पूर्ण थांबली तरी हे घर चार वर्षं चालेल. बावीस लाखांची उलाढाल असलेल्या घराला पुढचा महिना कठीण. श्रीमंत कोण?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘पण जमीन आहे ना! गुंठ्याचा भाव ऐकलात?’ भाव खरा असेल, पण ती जमीन विकली की धंदाही गेला. शिवाय सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची नावं असतात आणि किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, बंधनं. त्यात समुद्र दर पावसाळ्यात किनारा खातो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी देवबागात उगीच होत नाही. अमेरिकेत टॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात संपत्ती जोखायचं एक सूत्र दिलं आहे : वय गुणिले वार्षिक मिळकत, भागिले दहा, एवढी संपत्ती असायला हवी. तिकडचं सूत्र जसंच्या तसं इकडे लागू पडणार नाही, पण त्यातली एक अट घेण्याजोगी आहे. वारशाने आलेलं त्यात धरायचं नाही. आजोबांनी ठेवलेली जमीन हे आजोबांचं कर्तृत्व. तुम्ही त्यात काय घातलंत ते मोजा.

देवबागपुरती कसोटी मात्र मी वेगळी सुचवीन : दोन मे हातचे गेले तर घर तगेल का? ही कल्पनेतली गोष्ट नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तो मे रिकामा गेला. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आले आणि १६ मे रोजी तौक्ते वादळाने हा किनारा झोडपला. त्यापुढे दर वर्षीसारखी मे अखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद आणि १ जूनपासून मासेमारीबंदी. ज्यांच्यावर हप्ते नव्हते, ते या दोन वर्षांतून लवकर सावरले असणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

पहिला उपाय गावाच्या जुन्या धंद्यातच आहे. रापणीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्याच्या, वाटणीत माणसांबरोबर होडीचा आणि जाळ्याचाही वाटा निघतो. जाळं फाटणार, होडी झिजणार, हे तिथे आधीच धरलेलं असतं. खोलीचा आणि इंजिनाचा वाटाही असाच काढा : भाडं आलं की दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात. दुसरं, विमा. १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि छोट्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आल्या आहेत. त्यांत वादळ-पुराचं नुकसान धरलेलं आहे. बांधकाम त्यात येतं, जमीन येत नाही. तिसरं, पहिलं कर्ज निम्मं फिटेपर्यंत सहावी खोली नको.

या आठवड्यात एक काम करा. कागदावर एका बाजूला बँकेतली शिल्लक, ठेवी आणि सोनं मांडा, दुसऱ्या बाजूला सगळी देणी. राहतं घर आणि वडिलोपार्जित जमीन धरू नका. वजाबाकीला महिन्याच्या घरखर्चाने भागा. चोवीसच्या वर आकडा आला तर तुम्ही सुखी. बाराच्या खाली आला तर मिळकत कितीही असो, तुम्ही श्रीमंत नाही. पुढच्या आठवड्यात, विम्याची पॉलिसी कशी वाचायची ते पाहू.