नव्या खाऱ्या टाकीत तपकिरी थर आलाय? थांबा, टाकी रिकामी करू नका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा घाटात शिरल्यावर ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय वेल्ह्याकडच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आलाय. तो म्हणतो, "दादा, दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी लावून १९ दिवस झाले. आत दोन क्लाउनफिश आहेत. आधी वाळू पांढरीशुभ्र होती, आता तिच्यावर कॉफी सांडल्यासारखा थर आलाय. काचेवर पण तेच. दुकानदार म्हणतो, सगळं बाहेर काढून धुवा आणि परत लावा, नाहीतर शेवाळाचं औषध टाका. काय करू?"

एका वाक्यात उत्तर: दोन्ही करू नको. टेस्ट किट घे, आधी अमोनिया बघ. आता हे असं का, ते सांगतो.

हे शेवाळ येतंच

गावाकडे नवा हौद बांधला की काही दिवसांत त्याच्या भिंती निसरड्या होतात. गुंजवणीच्या पात्रात नवा दगड टाकला तरी तेच. उघडी जागा, पाणी आणि उजेड, एवढं मिळालं की कुणीतरी येऊन बसतंच. नव्या टाकीत जागा मोकळी असते आणि स्पर्धा करणारं कुणी नसतं. मग जे सगळ्यात पटकन वाढतं, ते आधी पसरतं.

त्याच वेळी डोळ्यांना न दिसणारं दुसरं एक काम चालू असतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य. ही साखळी नीट बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आणि हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात.

आता विचार करा, १९ व्या दिवशी दगड-वाळू नळाखाली घासून धुतली तर काय होईल? तपकिरी थर जाईल, पण अर्धवट बसलेले जिवाणूही जातील. अमोनिया परत चढेल आणि ते दोन क्लाउनफिश त्यातच श्वास घेत राहतील. तपकिरी थरानं मासा मरत नाही. तो घालवायच्या घाईत मरतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वैतागून टाकी विकायला काढणारे बहुतेक जण याच टप्प्यावर अडकलेले असतात.

औषधाचं काय? शेवाळाच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. गोगलगाय, कोळंबी, हर्मिट खेकडा यांना ते अगदी थोडंसुद्धा सोसत नाही. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि त्याच्यातली पोषकद्रव्यं परत पाण्यात येतात. म्हणजे पुढच्या शेवाळाची सोय आपणच करून दिली.

कॉफीसारखा थर म्हणजे कोण?

हे बहुतेक वेळा डायटम असतात. एकपेशीय, सूक्ष्म. यांची खासियत म्हणजे यांचं कवच सिलिकाचं असतं, जवळजवळ काचेचंच म्हणा. त्यामुळे वाढायला त्यांना पाण्यात विरघळलेली सिलिका लागतेच. ती संपली की त्यांची वाढ थांबते.

आणि इथे आपल्या भोर-वेल्ह्याचा मुद्दा येतो. आपण राहतो तो सगळा दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. रायरेश्वराचं पठार त्याचं, तोरण्याचा कडा त्याचा, आणि तुमच्या बोअरची भोकंही त्यातच. या दगडात वजनानं जवळपास निम्मी सिलिका असते. पाणी त्याच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत येतं, तेव्हा थोडी सिलिका विरघळवून बरोबर आणतं. प्यायला त्याचा काही त्रास नाही. पण समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यापेक्षा आपल्या बोअरच्या पाण्यात सिलिका कितीतरी जास्त असते. डायटमला हे आयतं ताट मिळतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: मीठ कुठल्या पाण्यात कालवलं?

पाण्याचा हिशोब

खाऱ्या टाकीसाठी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन, असं दुहेरी गाळलेलं पाणी घ्यायचं. घरच्या प्यायच्या आरओनं बरीच सिलिका निघते, सगळी नाही. उरलेली डीआय पकडतं.

इथे एक गोम आहे. आपण टीडीएस मीटर बुडवतो, शून्य दिसलं की खूश. पण टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, आणि विरघळलेली सिलिका वीज जवळजवळ वाहूच देत नाही. त्यातून रेझिन संपत आलं की ज्या गोष्टी सगळ्यात आधी निसटतात, त्यांत सिलिका असते. म्हणजे मीटरवर शून्य असूनही ती आत येऊ शकते. तपकिरी थर दोन महिने झाले तरी हटत नसेल, तर रेझिन बदलून बघा.

दुसरी गोष्ट, रोजची भर. टाकीतलं पाणी उडतं, आणि उन्हाळ्यात जास्तच. पण उडतं ते फक्त पाणी. मीठ, सिलिका, नायट्रेट सगळं मागेच राहतं. म्हणून भर घालताना खारं पाणी नाही, गोडं आरओ-डीआय पाणीच घालायचं. तुम्ही रोज लोटाभर बोअरचं पाणी घालत असाल, तर रोज थोडी सिलिका आत जातेय आणि बाहेर काहीच जात नाहीये. महिन्याभरात ती साठते.

"वेल्ह्यात पाऊस धो धो पडतो, पागोळ्यांचं पाणी वापरू का?" असंही विचारतात. पावसाच्या पाण्यात सिलिका कमी, हे खरं. पण ते पत्र्यावरून येतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि जस्त पाण्यात उतरलं की गोगलगाई-कोळंबीचं अवघड होतं. नकोच.

"वरंधा घाट उतरून कोकणातून समुद्राचं पाणी आणलं तर?" दोन फुटी टाकीला सुमारे ८० लिटर लागतं, म्हणजे ८० किलोच्या वर ओझं. आणि सहज हाताला लागतं ते खाडीचं पाणी. त्यात नदीचं पाणी मिसळलेलं, गाळ आलेला, खारटपणा भरती-ओहोटीनुसार बदलणारा. त्यापेक्षा टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ आणून घरीच कालवा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ मात्र चालत नाही, समुद्रात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं.

आणि किनाऱ्यावर गेलातच, तर प्रवाळाचा दगड उचलून आणू नका. दगड बांधणारी प्रवाळं आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. टाकीला कोरडा दगड किंवा सिरॅमिकचा दगड पुरतो.

डायटमनंतरचे पाहुणे

डायटम गेले म्हणजे सुटलो असं नाही. पुढे काय येतंय ते ओळखता आलं पाहिजे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा.

- हिरवे केसांसारखे धागे: नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालंय. खाणं कमी करा, धागे हातानं उपटा, पाणी बदला.
- लालसर-जांभळी चादर, ओढली की अख्खी निघते: हे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. जिथे पाणी फिरत नाही तिथे बसतात. पाइपनं ओढून काढा, पंपाची दिशा बदला.
- तपकिरी, शेंबडासारखे तार आणि त्यात हवेचे बुडबुडे: डायनोफ्लॅजेलेट असू शकतात. इथे उलटा नियम लागतो. टाकी अतिस्वच्छ होऊन नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की हे माजतात. गोगलगाई गळून पडायला लागल्या, तर शंका घ्या. अशा वेळी पाणी बदलत राहिलात तर बिघडेल.

म्हणून मी म्हणतो, आधी मोजा, मग हात घाला.

या आठवड्यात काय करायचं

वेल्ह्याच्या मित्रा, आता तुझ्यासाठी यादी.

१. अमोनिया आणि नायट्राइट तपास. काहीही शून्याच्या वर दिसलं तर थोडं पाणी लगेच बदल आणि नवा मासा अजिबात आणू नको.

२. दिवा दिवसाला ६ ते ८ तासच. टायमर लाव. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढ.

३. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

४. काचेवरचा थर पुसून घे. वाळूवरचा थर पातळ पाइपनं ओढून काढ, आणि तेवढंच नवं खारं पाणी घाल. आठवड्याला ८ लिटर, म्हणजे टाकीच्या १० टक्के, पुरे. स्पंज धुवायचा तर काढलेल्या खाऱ्या पाण्यातच.

५. अमोनिया-नायट्राइट शून्य झाल्यावर दोन-तीन गोगलगाई आण. एकदम दहा नको, शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात.

६. दर रविवारी त्याच जागेवरून मोबाइलनं एक फोटो काढ. रोज बघताना वाटतं काहीच फरक नाही. चार फोटो शेजारी ठेवले की कळतं, थर वाढतोय की उतरतोय.

पाणी नीट असेल तर डायटम बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. तोवर टाकी सुंदर दिसणार नाही, पाहुणे विचारतील, "हे असं काय?" त्यांना सांगायचं, दगड मुरतोय अजून. आणि मासे नीट खातायत ना, कल्ले जोरजोरात हलवत नाहीयेत ना, याकडे लक्ष ठेवायचं. वाळूच्या रंगापेक्षा ते महत्त्वाचं.

अमोनियाचा आकडा आला की व्हॉइस मेसेज टाक. बाकीच्यांनीही आपापल्या टाकीचे फोटो पाठवा, सोबत कुठलं पाणी वापरता तेही लिहा. पुढच्या भागात उन्हाळ्यात टाकी थंड कशी ठेवायची ते बघू. तोवर, भेटूच!