गादी बसलीये? टॉपर मागवण्याआधी दोरा ताणून बघा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. भाड्याचा फ्लॅट, पलंग आणि गादी घरमालकाची, आणि गादीला मधोमध खड्डा. सकाळी उठलं की कंबर धरलेली असते. नवी गादी परवडत नाही, आणि घेतलीच तर जुनी ठेवायची कुठे? म्हणून विचारतोय, "दादा, मेमरी फोमचा टॉपर घेऊ का?"

माझं उत्तर: मेमरी फोमचा तर नकोच. आणि दुसरा कुठलाही घ्यायच्या आधी दोरा आणि पट्टी घे.

टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा दोन ते चार इंचांचा थर. कडक गादी मऊ करायला तो उत्तम. पण खड्डा भरून काढणं हे त्याचं कामच नाही. खड्ड्यावर जाजम टाकलं तर जाजमही खड्ड्यातच जाऊन बसतं ना, तसंच. त्यात मेमरी फोम अंगाच्या उष्णतेने आणखी मऊ होतो आणि खालचा आकार इमानेइतबारे धरतो. १९६६ साली नासाच्या कामातून तो निघाला तेव्हा तीच तर त्याची खुबी होती. जाहिरातीत नासाचं नाव ठळक असतं, पण खड्ड्यावर हीच खुबी आपल्या उलट जाते. शिवाय मुंबईच्या उकाड्यात तो गरम होतो आणि थंडीत नाशिककडे कडक लागतो, ते वेगळंच.

आता दोरा. चादर काढा. जिथे कंबर येते तिथे गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा आणि मधला गॅप पट्टीने मोजा. मग गादी उचलून फरशीवर टाका आणि परत मोजा. ही दुसरी टेस्ट जवळपास कोणीच करत नाही, आणि खरा घोळ बऱ्याचदा तिथेच सापडतो. फरशीवर खड्डा गायब झाला तर गादी बिचारी निर्दोष आहे, पलंगाचा प्लाय वाकलाय. मग टॉपरचे पैसे वाचवा. प्लायवूडच्या दुकानातून मापाचा जाड प्लाय कापून आणा, नाहीतर मधोमध खालून टेकू द्या. घरमालकाशी बोलायलाही हा मुद्दा सोपा जातो: पलंग त्यांचा आहे, आणि मोजमाप तुमच्या फोनमध्ये आहे.

फरशीवरही खड्डा दिसला तर गादीच गेली. काही फोम रिकामे असताना सपाट दिसतात आणि वजन पडलं की बसतात, म्हणून मध्ये आणि कडेला गुडघा टेकवूनही बघा. माझा ठोकताळा असा: गॅप अर्ध्या इंचाच्या आत असेल तर टॉपरने काम भागतं. इंचभर असेल तर आधी खालून भर द्या. म्हणजे जुनी गोधडी किंवा ब्लँकेट घडी करून गादीच्या *खाली*, बरोबर खड्ड्याच्या जागी सरकवा, आणि मग वर टॉपर. दीड इंचाच्या पुढे असेल तर टॉपरचे पैसे नव्या गादीसाठी बाजूला टाका. गादी तुमची असेल तर वॉरंटी कार्डही काढून बघा. किती खोल खड्डा धरायचा ते बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं असतं.

आणि हो, गादी कापसाची असेल तर हे सगळं विसरा. गादीवाल्याकडून कापूस पिंजून, परत भरून घ्या. अशी दुरुस्त होणारी गादी आपल्याकडे हीच एक आहे, आणि आपण तिलाच जुनाट म्हणून काढून टाकतो.

टॉपर घ्यायचाच ठरला तर कडक घ्या. लेटेक्स रबराचा असतो, दाबला की लगेच वर येतो. महाग आहे आणि जड आहे, पण टिकतो. (आपल्याकडे जुनी मंडळी कुठल्याही फोमच्या उशीला 'डनलॉपची उशी' म्हणतात ना, ते नाव मुळात या रबरी फोममुळेच.) बजेट कमी असेल तर रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला पातळ थर. फार सुखाचा नाही, पण वाकत कमी. मायक्रोफायबरचा फुगीर टॉपर हॉटेलसारखा दिसतो, खड्ड्यावर मात्र अजिबात कामाचा नाही.

दुकानदार म्हणतो, "चाळीस डेन्सिटी आहे, एकदम कडक." थांबा! डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल, कडकपणा नव्हे. जास्त डेन्सिटीचा फोमही मऊ असू शकतो. डेन्सिटीवरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, आणि ती घरी तपासताही येते. ७२ बाय ३६, दोन इंची टॉपरचं आकारमान होतं साधारण ०.०८५ घनमीटर. गुणिले ४० म्हणजे ३.४ किलो. बॅग मोजायच्या काट्याला लटकवा. कव्हर काढून अडीच किलोच भरला, तर ती चाळीस नाही, तीसच्या आसपास आहे. परत करा. त्यासाठी पॅकिंग आणि बिल जपून ठेवा, आणि ऑर्डर करतानाच रिटर्नची अट वाचा. उघडलेला टॉपर काही जण परत घेत नाहीत.

तुमच्या दोऱ्याचा गॅप किती निघाला ते व्हॉइस मेसेजवर पाठवा. फरशीवरचा आकडाही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!