रिमोट दाबला, पण दिवा लागेना

टीव्हीच्या जुन्या रिमोटवर दिवा लावायचा, तर भंडाऱ्याच्या बाजारातून करडी गावाला न्यावं लागणारं सामान मूठभरच असतं: टीएसओपी १७३८ सेन्सर, ५५५ आणि ४०१७ या आयसी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा रिले. अडचण येते जोडणी झाल्यावर. दिवा लागत नाही, नाहीतर लागून लगेच विझतो. अशा वेळी अंदाजाने भाग बदलू नका. रिमोटपासून निघून सिग्नल कुठे अडतो ते पाहा. तोवर रिलेला २३० व्होल्ट जोडू नका. रिलेचा ‘टक’ आवाज पुरेसा आहे.

आधी रिमोट. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा; एलईडी जांभळट लुकलुकला की रिमोट ठीक.

मग सेन्सर. त्याला ५ व्होल्ट मिळतात का, हे मल्टिमीटरने मोजा. १७३८ च्या पायांचा क्रम समोरून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असा असतो. टीएसओपी ४८३८ चा मात्र आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. एकाच्या जागी दुसरा बसवला की सारं बिघडतं. एरवी आउटपुटवर जवळपास ५ व्होल्ट दिसतात आणि बटण दाबताच आकडा थोडा घसरतो. बटण न दाबताही तो हलत असेल, तर जवळचा सीएफएल किंवा ट्यूब बंद करून पाहा. हा सेन्सर ३८ किलोहर्ट्झला बसवलेला असतो आणि इलेक्ट्रॉनिक चोकची लुकलुक त्याच्या आसपास असू शकते. सप्लायमध्ये १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड टाकले की तिथून येणारा गोंगाट कमी होतो.

दिवा लागून विझत असेल, तर ५५५ पाहा. एका दाबात रिमोट अनेक पल्स पाठवतो. ४०१७ ते सगळे मोजतो. १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड लावल्यास ५५५ त्यांचा सुमारे १.१ सेकंदाचा एकच पल्स करतो. ४०१७ चा ४ नंबरचा पाय १५ ला जोडलेला आणि १३ नंबरचा ग्राउंडला हवा.

शेवटी रिले. ट्रान्झिस्टरच्या बेसवर ०.७ व्होल्ट येऊनही ‘टक’ होत नसेल, तर त्याच क्षणी कॉइलवरचा दाब मोजा. संध्याकाळी वीज कमी दाबाने येत असेल, तर १२ चे ९ होतात आणि रिले ओढत नाही. रिले सुटताना ४०१७ आपोआप पुढे सरकत असेल, तर कॉइलवरचा १एन४००७ डायोड तपासा. त्याची पांढरी पट्टी प्लसकडे हवी.

सगळं जमलं की मेन स्विच बंद करून फेजची तार रिलेच्या कॉमन आणि एनओ टोकांतून न्या. न्यूट्रल थेट दिव्याला जोडा.