अक्षय्य तृतीया आणि भूमीची पत्रिका

साडेतीन मुहूर्तांपैकी अक्षय्य तृतीया जवळ आली की पुष्कळ घरांत भूमी घेण्याचा संकल्प होतो. अलीकडे मुंबई-पुण्याची मंडळी आमच्या मुरुडच्या समुद्रकाठीही जागा पाहू लागली आहेत. स्थावरात प्रथमच पैसा घालणारे यजमान आम्हांस मुहूर्त विचारतात. तो आम्ही सांगतो. परंतु आधी भूमीची पत्रिका पाहावी, असेही विनवितो. पूर्वरंग कच्चा राहिला तर कीर्तनाचा उत्तररंग रंगत नाही, तसेच हे आहे.

दापोली तालुक्यातील हे मुरुड महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. एका सिद्धपुरुषाने रान तोडवून, आखणी करून ते वसविले, अशी परंपरा सांगतात. आधी आखणी, मग वस्ती, हा धडा नवख्या खरेदीदारानेही घ्यावा.

भूमीची पत्रिका म्हणजे सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार. सातबारा ही मुळात महसुलाची नोंद आहे. केवळ तेवढ्याने मालकी निर्विवाद ठरत नाही. कोकणात खोती होती, ती १९४९ च्या कायद्याने गेली. १९४८ च्या कुळकायद्याने कुळांस संरक्षण मिळाले. म्हणून ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव वा कर्जाचा बोजा आहे काय, हे जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावे. त्याच कायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सामान्यतः परवानगीवाचून घेता येत नाही. समुद्रालगतच्या बांधकामावर किनारा नियमनाचे निर्बंध १९९१ पासून आहेत. २०११ व २०१९ साली त्यांच्या अधिसूचना नव्याने निघाल्या. तेव्हा नारळी-पोफळीच्या शोभेवर भुलून इसार देऊ नये. नोटरीपुढील कागदाने मालकी येत नाही. त्यास नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

सर्वांत नाजूक गोष्ट सामाईक वाड्यांची. एका ठिकाणावर अनेक भाऊबंदांची नावे असतात आणि त्यांत लेकींचाही हिस्सा असतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. एखाद्या बहिणीस अंधारात ठेवून झालेला व्यवहार स्वस्त पडला, तरी घेणाऱ्याच्या दारी कज्जा आणतो.

भाविकहो, ज्याचा क्षय होत नाही ते अक्षय्य. सर्व हिस्सेदार संतोषाने सही करतील, तोच दिवस खरेदीचा सुमुहूर्त समजावा. कागद अपुरे असतील तर तृतीया खुशाल जाऊ द्यावी. ती पुढील वर्षी पुन्हा येणारच आहे.